शास्त्राबाहेरच्या ख्रिस्तकथा

लक्ष्मणानें पर्णकुटीभोंवतीं ओढलेली रेषा वाल्मीकीच्या रामायणांत नाहीं, आणि शबरीनें चाखून दिलेलीं बोरेंहि त्यांत नाहींत. असें असूनहि महाराष्ट्रांतील एखाद्या घरांत रामकथा चालली असतां हे दोन प्रसंग कोणी गाळूं म्हणेल, तर ऐकणारीं मंडळी त्याला ते गाळूं देणार नाहींत. मूळ ग्रंथ एक आणि लोकांच्या ओठीं बसलेली कथा थोडी निराळी, हा प्रकार आपल्या इतका परिचयाचा आहे कीं, त्याचें कोणास नवल वाटत नाहीं. ख्रिस्ती धर्माविषयीं मात्र आपली समजूत वेगळी असते. तो एका ग्रंथाचा धर्म. जें आहे तें सारें बायबलांत आहे, असें चांगला वाचलेला मनुष्यहि सहज बोलून जातो. ही समजूत किती अपुरी आहे हें पाहण्यासाठीं फार दूर जावयास नको. नाताळांत मुंबईस, वसईस किंवा गोव्यांत घरोघर मांडलेला बाळ येशूचा गोठा पाहावा, आणि घरीं येऊन शुभवर्तमानें उघडावीं.

लूकाच्या शुभवर्तमानांत मेंढपाळ आहेत, बाळाला बाळंत्यांत गुंडाळून गव्हाणींत निजविल्याचा उल्लेख आहे. पण बैल नाहीं, गाढव नाहीं, आणि गोठा असा शब्दहि नाहीं. मत्तयाच्या शुभवर्तमानांत तारा आहे व तो पाहून पूर्वेकडून आलेले मागी आहेत. पण ते किती जण होते हें मत्तय सांगत नाहीं, त्यांना राजे म्हणत नाहीं, त्यांचीं नांवें देत नाहीं, आणि ज्या ठिकाणीं त्यांनीं बाळाचें दर्शन घेतलें त्याला तो घर म्हणतो. मेंढपाळ आणि मागी एकमेकांसमोर उभे राहिल्याचें तर कोणत्याच शुभवर्तमानांत नाहीं. ती भेट आपल्या गोठ्यांतच काय ती घडते. डिसेंबरची २५ वी तारीखहि शास्त्रांत नाहीं. रोम येथें इ. स. ३५४ मध्यें सिद्ध झालेल्या एका पंचांगवजा संग्रहांत ती प्रथम स्पष्टपणें आढळते.

मग हें सारें आलें कोठून? श्रोते हो, आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. या कथा कोणा लबाड धर्मगुरूनें एका रात्रींत रचल्या नाहींत. शास्त्रकार जेथें गप्प बसला तेथें ऐकणारा गप्प बसला नाहीं. ते किती जण होते, कोठले होते, बाळाच्या आजीचें नांव काय, असे घरगुती प्रश्न त्यानें विचारले, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांचीं उत्तरें जमत गेलीं. या उत्तरांचा इतिहास मूळ ग्रंथाच्या इतिहासाइतकाच मननीय आहे. मात्र सर्वच उत्तरें निरुपद्रवी होतीं असें समजूं नये.

प्रथम या मागींचीच हकीकत घेऊं. मागी हा शब्द मूळचा इराणांतील पुरोहितवर्गाचा. आपल्या पारशी शेजाऱ्यांच्या ‘मोबेद’ या शब्दांत तोच दडलेला आहे. त्यांनीं आणलेल्या भेटी तीन : सोनें, ऊद आणि गंधरस. तेव्हां देणारेहि तीनच असावेत हा हिशेब तिसऱ्या शतकांत ओरिगेनच्या लेखनांत दिसूं लागतो. सर्वांना तो पटला होता असें मात्र नाहीं. सीरियाकडील परंपरेनें बारा मागी मानले, आणि रोमच्या भुयारी स्मशानांतील जुन्या भित्तिचित्रांत चित्रकारानें भिंतीच्या सोयीप्रमाणें कोठें दोन तर कोठें चार काढले. ते राजे झाले जुन्या कराराच्या आधारानें. दूरदूरचे राजे नजराणे घेऊन येतील असें स्तोत्रसंहितेंत आहे, आणि यशया संदेष्ट्याच्या ग्रंथांत सोनें व ऊद घेऊन येणाऱ्या उंटांचे तांडे आहेत. भाविकांनीं दोन्ही स्थळें मत्तयाच्या कथेशेजारीं ठेवून वाचलीं, आणि पुरोहितांच्या मस्तकीं मुकुट चढले. उंटहि तेथूनच आले.

पुढें नांवें हवींत. इटलींतील राव्हेना येथील एका सहाव्या शतकांतील चर्चमध्यें, रंगीत खड्यांनीं भिंतीवर जडविलेल्या चित्रांत, मेल्कियोर, बाल्थासार आणि गास्पार हीं नांवें आहेत. आणि त्या मूर्तींचा पोषाख मात्र अजून इराणी आहे. या पोषाखाचीहि एक आख्यायिका आहे. इ. स. ६१४ मध्यें इराणच्या सैन्यानें पॅलेस्टाईन जिंकलें, तेव्हां अनेक चर्चें उद्ध्वस्त झालीं, पण बेथलेहेमचें वांचलें. त्याच्या भिंतीवर आपल्याच देशाच्या वेषांतले मागी पाहून शिपायांनीं हात आवरला, अशी हकीकत नवव्या शतकांतील एका पत्रांत दिली आहे. खरें खोटें कोण सांगणार! पण एका आख्यायिकेनें दुसरीला कसें जन्मास घातलें हें येथें चांगलें दिसतें.

नांवें मिळालेल्या माणसांच्या अस्थीहि मिळाव्या हें ओघानेंच आलें. इ. स. ११६४ मध्यें कोलोनचा आर्चबिशप राइनाल्ड यानें मिलान शहरांतून तीन राजांच्या म्हणून मानलेल्या अस्थी आपल्या गांवीं नेल्या. त्यांच्यासाठीं सोन्याची मंजूषा घडविली गेली, यात्रेकरूंची रीघ लागली, आणि त्या मंजूषेला साजेसें मंदिर असावें म्हणून १२४८ सालीं ज्या कॅथीड्रलचा पाया घातला तें पुरें होण्यास १८८० साल उजाडलें. मत्तयानें ज्यांची संख्याहि सांगितली नाहीं त्यांच्यासाठीं मांडलेलें हें काम पुरें होण्यास सहाशें बत्तीस वर्षें लागलीं. इकडे तेराव्या शतकांत मार्को पोलो इराणांतून गेला, तेव्हां सावेह गांवच्या लोकांनीं हे तिघे आमच्याच गांवीं पुरले आहेत असें त्यास सांगितलें. पुढें चित्रकारांनीं एकाला वृद्ध, एकाला प्रौढ व एकाला तरुण केलें. पंधराव्या शतकांत तर त्यांतला एक आफ्रिकेचा कृष्णवर्णी राजा झाला. सारें जग बाळाच्या पायाशीं यावें ही त्यामागील भावना. गोव्यांत ६ जानेवारीस चांदोर, कांसावली व रेइश मागुश येथें तीन मुलगे राजवेष करून घोड्यावरून मिरवत चर्चकडे जातात. मांडवीच्या तीरावरील त्या तिसऱ्या गांवाला, तेथील किल्ल्याला आणि चर्चला नांवच मुळीं या मागी राजांचें आहे.

बैल व गाढव यांची गोष्ट याहून लहान, पण मला अधिक आवडते. बैलाला आपला धनी कळतो, गाढवाला धन्याची गव्हाण कळते, पण माझ्या लोकांना कांहींच कळत नाहीं, असा संताप यशयाच्या ग्रंथाच्या आरंभींच देवाच्या मुखीं आहे. लूकानें गव्हाण हा शब्द उच्चारतांच जुन्या वाचकांना ती गव्हाण आठवली, आणि तिच्याबरोबर तीं दोन जनावरेंहि आलीं. चौथ्या शतकांतील दगडी शवपेट्यांवर तीं कोरलेलीं आहेत. मिलान येथील एका पेटीवर तर मरीया नाहीं आणि योसेफहि नाहीं, नुसतें बाळ आणि दोहों बाजूंस हीं दोन मुकीं जनावरें. तीं ज्या ग्रंथांत प्रथम लिहून ठेवलेलीं सांपडतात तो, मत्तयाच्या नांवावर खपविलेला लॅटिन ग्रंथ, यानंतर कित्येक पिढ्यांनीं झाला. म्हणजे येथें चित्र आधीं आणि पोथी मागाहून. इ. स. १२२३ च्या नाताळांत असिसीच्या संत फ्रान्सिसनें ग्रेचो गांवीं खरोखरीचा बैल व गाढव उभें करून गव्हाण मांडली, आणि ती प्रथा युरोपभर पसरली. २०१२ सालीं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनीं आपल्या पुस्तकांत शुभवर्तमानांत या जनावरांचा उल्लेख नसल्याचें नमूद केलें, तेव्हां पोपनीं बैल-गाढव हांकलून लावलें अशी वर्तमानपत्रांनीं ओरड केली. वास्तविक त्याच ठिकाणीं, कोणताहि गोठा या दोघांना सोडणार नाहीं, असेंहि त्यांनीं लिहिलें होतें.

आतां मरीयेच्या आईबापांकडे वळूं. चारहि शुभवर्तमानांत त्यांचा उल्लेख नाहीं. दुसऱ्या शतकांत लिहिलेला एक लहानसा ग्रीक ग्रंथ आहे. येशूचा बंधु याकोब याच्या नांवावर तो चालत आला. त्यांत योआकीम नांवाचा मोठ्या कळपांचा धनी व त्याची पत्नी आन्ना यांची कथा आहे. त्यांना मूल नाहीं. तूं निपुत्रिक, तुझें अर्पण आधीं स्वीकारतां येणार नाहीं, असें योआकीमला सर्वांदेखत ऐकावें लागतें आणि तो अपमान सहन न होऊन तो रानांत निघून जातो. घरीं आन्ना बागेंत बसलेली असते. वर झाडावर चिमण्यांचें घरटें पाहून तिचा बांध फुटतो. पांखरांना पिलें आहेत, पृथ्वीला पीक आहे, पाण्याला मासे आहेत, आणि मीच अशी कशी, असा तिचा विलाप आहे. आपल्याकडे व्रतकथांतून अशा किती आन्ना भेटतात हें घरांतील वडील बायकांस सांगावयास नको. देवदूत येतो, वर देतो, पतिपत्नींची वेशीवर भेट होते, आणि मरीया जन्मते. तीन वर्षांची होतांच तिला मंदिरांत वाहतात. ती मागें वळून पाहत नाहीं, वेदीच्या पायऱ्यांवर नाचते. पाडुआ येथील एका प्रार्थनामंदिराच्या भिंतीवर इ. स. १३०५ च्या सुमारास जोत्तोनें ही कथा रंगविली आहे. वेशीवरची वृद्ध दंपतीची ती भेट युरोपीय चित्रकलेंत अविस्मरणीय झाली. मरीया देवाच्या स्थानीं वाढली आणि तिला तेथें दैवी अन्न मिळालें, हा प्रसंग कुराणांतहि आहे.

रोमच्या चर्चनें हा ग्रंथ कधींच शास्त्र मानला नाहीं. त्याज्य ग्रंथांच्या एका प्राचीन यादींत तो नांवनिशींवार आला आहे. तरी त्याच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या शंभरावर आहे, आणि त्यांतील प्रसंगांचे सण झाले. मरीयेच्या जन्माचा दिवस ८ सप्टेंबर. पूर्वेकडून आलेला हा सण सातव्या शतकांत रोमनें स्वीकारला. बांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीची जत्रा भरते ती या जन्मदिवसाच्या निमित्तानें. हातांत मेणबत्ती किंवा मेणाची बाहुली घेऊन ती टेकडी चढणाऱ्या हजारों मुंबईकरांत सर्व धर्मांचे लोक असतात, आणि आपण ज्या दिवसासाठीं आलों त्याचा बायबलांत मागमूसहि नाहीं हें त्यांतल्या फार थोड्यांच्या ध्यानीं असेल. आन्नेचा दिवस २६ जुलै. गोव्यांत तळावली येथें तिचें सतराव्या शतकाच्या अखेरचें भव्य चर्च आहे. तेथील फेस्ताला तवशांचें फेस्त म्हणतात. अपत्यासाठीं झुरणारीं जोडपीं तेथें तवसें वाहून मूल मागतात. दुसऱ्या शतकांतल्या त्या बागेंतलें दुःख तळावलीस अजून ओळखतां येतें.

या आन्नेच्या नांवानेंच युरोपच्या इतिहासांत एक विलक्षण योग घडला. २ जुलै १५०५ रोजीं श्टोटर्नहाइम गांवाजवळ एक तरुण कायद्याचा विद्यार्थी वादळांत सांपडला. जवळच वीज पडली. घाबरून त्यानें संत आन्नेचा धांवा केला आणि वांचलों तर मठवासी होईन असा नवस बोलला. आन्ना ही खाणकामगारांची कैवारी, आणि त्याचा बाप तांब्याच्या खाणींच्या धंद्यांतला. घरच्या संस्कारांतून तें नांव ओठीं आलें. तो विद्यार्थी मार्टिन लूथर. सोळा वर्षांनीं, १५२१ सालीं, वर्म्सच्या सभेंत सम्राटासमोर, शास्त्रवचनांनीं पटविल्याशिवाय माघार घेणार नाहीं असें ठणकावून सांगणारा हाच तो पुरुष. ज्या हांकेनें तो मठांत गेला, त्या हांकेंतलें नांव शास्त्रांत नव्हतें.

लूथरनें ओढलेली रेषा स्पष्ट होती : शास्त्र हेंच अखेरचें प्रमाण. नवससायास, अस्थिपूजा, पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांचा बाजार हीं सारीं परंपरेच्या नांवाखालीं फोफावलीं होतीं, तेव्हां त्याचा त्वेष निष्कारण होता असें कोण म्हणेल? उलट बाजूनें ट्रेंट येथील धर्मपरिषदेनें ८ एप्रिल १५४६ रोजीं ठरविलें कीं, लिखित ग्रंथ आणि प्रेषितांपासून चालत आलेल्या अलिखित परंपरा या दोहोंचा सारख्याच आदरानें स्वीकार करावयाचा. याचा अर्थ प्रत्येक आख्यायिका खरी मानली असा नव्हे. पोप पायस पांचवे यांनीं १५६८ सालीं मरीयेच्या मंदिरप्रवेशाचा सण पंचांगांतून काढून टाकला, आणि सतराच वर्षांत पोप सिक्स्टस पांचवे यांना तो परत घ्यावा लागला. लोकांच्या अंगवळणीं पडलेली गोष्ट पोपालाहि सहजीं पुसतां येत नाहीं.

आपल्या देशाशीं संबंध असलेली शास्त्राबाहेरची सर्वांत मोठी परंपरा म्हणजे प्रेषित थोमाची. बायबलांतला थोमा हिंदुस्थानांत येत नाहीं. जखमांत बोट घालून पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाहीं असें म्हणणारा तो संशयी शिष्य. तो हिंदुस्थानांत येतो तिसऱ्या शतकांत एडेसाकडे सीरियक भाषेंत लिहिलेल्या ‘थोमाचीं कृत्यें’ या ग्रंथांत. तेथें त्याला हिंदुस्थानांत यावयाचेंच नसतें. म्हणून ख्रिस्त स्वतःच त्याला हब्बान नांवाच्या व्यापाऱ्यास गुलाम म्हणून विकतो. राजा गोंडोफारेस त्याला राजवाडा बांधावयास पैसे देतो, थोमा ते गोरगरिबांस वांटून टाकतो, आणि वाडा स्वर्गांत बांधला असें सांगतो. राजाचा मेलेला भाऊ तो वाडा पाहून परत येतो आणि थोमाचे प्राण वांचतात. अशा कथेंतला राजा कोणी इतिहासकारानें मनावर घ्यावा असें तिच्यांत कांहीं नव्हतें. आणि तरी एकोणिसाव्या शतकांत काबूलच्या खोऱ्यांत व पंजाबांत नाणीं सांपडूं लागलीं, त्यांवर गोंडोफारेस हें नांव निघालें. तख्त-इ-बाहीच्या शिलालेखांतहि तें सांपडलें. इ. स. च्या पहिल्या शतकांत वायव्येकडे राज्य करणारा हा पार्थियन राजा ग्रीक व रोमन इतिहासकारांच्या स्मरणांतून गेला होता. त्याचें नांव जपलें तें या कथेनें.

यावरून थोमा तक्षशिलेस आला असें सिद्ध होत नाहीं. नाणें राजाची साक्ष देतें, पाहुण्याची देत नाहीं. केरळांतील ख्रिस्ती लोकांची परंपरा तर निराळीच आहे. तिच्याप्रमाणें थोमा इ. स. ५२ मध्यें समुद्रमार्गें कोडुंगल्लूरला उतरला आणि पुढें मद्रासजवळ मैलापूर येथें मारला गेला. माझ्या मतें या ठिकाणीं इतिहासकारानें उतावीळ होऊन होय किंवा नाहीं म्हणूं नये. पण शास्त्राबाहेरचें म्हणजे पोकळ, असें म्हणणाऱ्यांनीं तें नाणें एकदां हातांत घेऊन पाहावें.

येथपर्यंत सांगितलेल्या कथांनीं कोणाचें वांकडें झालें नाहीं. अखेर जी सांगावयाची ती तशी नाहीं. मग्दालीया मरीया हें नांव उच्चारतांच युरोपीय चित्रांतली केस मोकळे सोडलेली, अश्रू ढाळणारी, पश्चात्तापदग्ध वेश्या डोळ्यांपुढें येते. शुभवर्तमानांत ती तशी कोठेंहि नाहीं. येशूनें तिला सात भुतांच्या पीडेंतून सोडविलें, आपल्या द्रव्यानें त्याच्या मंडळींची सेवा करणाऱ्या स्त्रियांत ती होती, शिष्य पळाले असतां ती क्रूसाजवळ उभी होती, आणि योहानाच्या कथनाप्रमाणें उठलेल्या ख्रिस्ताचें पहिलें दर्शन तिला झालें. लूकानें आणखी एका अनामिक पापी स्त्रीची गोष्ट सांगितली आहे; तिनें येशूचे पाय आसवांनीं भिजवून केसांनीं पुसले व त्यांस सुगंधी तेल लावलें. योहानानें बेथानीच्या मरीयेनें असेंच तेल लावल्याचें सांगितलें आहे. या तीन निराळ्या स्त्रिया. इ. स. ५९१ मध्यें पोप ग्रेगरी पहिले यांनीं रोममध्यें केलेल्या एका प्रवचनांत त्या तिघी एकच असल्याचें सांगितलें, आणि सात भुतें म्हणजे सर्व पातकें असा अर्थ लावला. ग्रेगरींचा हेतु वाईट नव्हता. कितीहि पतित असलेल्यास आशा आहे हें त्यांना सांगावयाचें होतें. पूर्वेकडील चर्चनें तें कधीं मानलें नाहीं, तेथें तिघी तीनच राहिल्या. पश्चिमेकडे मात्र पोपांचें प्रवचन लोकांच्या मनांत शास्त्र होऊन बसलें. इतकें कीं, १५१७ सालीं लफेव्र नांवाच्या फ्रेंच पंडितानें या तिघी वेगळ्या आहेत असें लिहिलें, तेव्हां १५२१ सालीं पॅरिसच्या धर्मपीठानें त्याचें मत निषिद्ध ठरविलें.

ज्या स्त्रीविषयीं तसें कोणींच लिहिलें नव्हतें तिचें नांव अशा रीतीनें पतितांचें नांव झालें. लंडनमध्यें १७५८ सालीं वेश्यांच्या उद्धारासाठीं जी संस्था निघाली तिला तिचेंच नांव दिलें गेलें. आयर्लंडांत त्याच नांवाचीं धुलाईघरें निघालीं. अविवाहित माता, निराधार मुली, घरच्यांस नकोशा झालेल्या बायका तेथें बंद दारांआड वर्षानुवर्षें बिनमजुरीनें लोकांचे कपडे धूत राहिल्या. त्यांतलें शेवटचें १९९६ सालीं बंद झालें, आणि २०१३ सालीं आयर्लंडच्या पंतप्रधानांनीं त्या स्त्रियांची सरकारच्या वतीनें क्षमा मागितली.

१९६९ सालीं रोमच्या पंचांगाची फेररचना झाली तेव्हां २२ जुलैच्या, म्हणजे मग्दालीया मरीयेच्या दिवशींच्या वाचनांतून लूकाच्या पापी स्त्रीची कथा काढून तेथें योहानाची, रिकाम्या कबरेपाशीं झालेल्या भेटीची, कथा घालण्यांत आली. जून २०१६ मध्यें तिच्या दिवसाचा दर्जा वाढवून तो प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा करण्यांत आला, आणि प्रेषितांकडे पाठविलेली प्रेषित ही तिची मध्ययुगांतील जुनी पदवी नव्या प्रार्थनेच्या मथळ्यावर आली. चित्रसंग्रहालयांतील भिंतींवर मात्र ती अजून केस मोकळे सोडून, शेजारीं तेलाची कुपी ठेवून, दुसऱ्या कोणाच्या तरी पापासाठीं रडत बसलेली आहे.